रोजच्या दारूने पुरुषाची ताठरता का जाते, आणि ती परत येते का?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४२ वर्षे आहे, लग्नाला १७ वर्षे झाली आहेत आणि दोन मुले आहेत. गेली १५ वर्षे ते रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेतात, द्राक्षाचे पैसे हातात आले की त्याहून जास्त, आणि जोडीला मावा असतोच. दीड वर्षापासून लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही, पहाटे आपोआप येणारी ताठरताही बंद झाली आहे, आणि छातीची एक बाजू सुजल्यासारखी व दुखरी झाली आहे. मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीचा एकदा उपयोग झाला, दुसऱ्यांदा मात्र घेरी आली. हे सर्व दारूमुळेच झाले का, दारू सोडली तर पूर्ववत होईल का, आणि 'ताकदीचे इंजेक्शन' घेतले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

दारू हे यामागचे मुख्य कारण असण्याची शक्यता फार मोठी आहे. सोडल्यास बऱ्याच अंशी सुधारणा होऊ शकते, मात्र ती आठवड्यात नव्हे, काही महिन्यांत होते. इंजेक्शन तपासणीशिवाय मुळीच घेऊ नये. या तिन्ही उत्तरांच्या मागचे कारण नीट समजले तरच पुढची पावले योग्य पडतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी सांगलीत गेली २६ वर्षे रुग्ण तपासतो आहे आणि याच तक्रारीचे पुरुष दर आठवड्याला माझ्यासमोर बसतात. बहुतेक जण पाठदुखी, पित्त, अशक्तपणा असे काहीतरी सांगून येतात आणि उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून, खरी तक्रार सांगतात. तुम्ही ती सरळ विचारलीत, हे फार चांगले केलेत.

'मी फक्त एक क्वार्टर घेतो, तीही घरी बसून, कुणाला त्रास न देता' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे, म्हणून आधी मोजमाप पाहू. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे एका क्वार्टरमधून सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. १० ग्रॅमचे एक प्रमाण धरले तर ही रोजची सहा प्रमाणे झाली. बिअरला दारू न मानणाऱ्यांसाठी सांगतो, की ६५० मिलिलिटरच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. देशी, इंग्लिश किंवा हातभट्टी, शरीराच्या दृष्टीने मद्यार्क तोच असतो. हातभट्टीत मिथेनॉलसारख्या विषाची भर पडण्याचा धोका तेवढा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले की दारूचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. तुमचे प्रमाण तर वैद्यकीय भाषेत निःसंशय 'जड' या वर्गात मोडते.

पहिल्या एक-दोन पेगांनी संकोच कमी होतो, बोलणे सुटते, इच्छा वाढल्यासारखी वाटते, आणि त्यामुळे दारू कामजीवनाला मदत करते असा समज तरुणपणीच पक्का होतो. प्रत्यक्षात मद्यार्क मेंदूचे कार्य मंदावतो. ज्या चेतासंदेशांनी लिंगातील रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांत रक्त भरते, ते संदेशच क्षीण होतात, आणि वीर्यपतनही लांबते. हा परिणाम त्या रात्रीपुरता असतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे जे होते ते निराळे आहे, कारण तिथे ताठरतेला लागणारी प्रत्येक व्यवस्था, म्हणजे रक्तवाहिनी, मज्जातंतू, वृषण आणि यकृत, हळूहळू झिजत जाते.

लिंगाच्या रक्तवाहिन्या अगदी बारीक, एक ते दोन मिलिमीटर व्यासाच्या असतात, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या तीन ते चार मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होऊ लागले, त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड कमी बनू लागले, की बारीक नळी आधी अडते. म्हणूनच ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसू शकते, आणि चाळिशीतल्या पुरुषाने ही तक्रार सांगितली की मी त्याचा रक्तदाब, साखर आणि चरबी पाहिल्याशिवाय त्याला सोडत नाही. जड मद्यपानाने रक्तदाब वाढतो. तंबाखू रक्तवाहिन्या आणखी आकसवते. तुमच्या माव्याचा वाटा दारूपेक्षा कमी असेल, पण तो नगण्य नाही.

मज्जातंतूंविषयी एक प्रसंग सांगतो. मागे एक ट्रकचालक आले होते, वय पन्नाशीच्या आत. पायांत मुंग्या येतात, रात्री तळपाय जळतात, एवढीच तक्रार होती. मी त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क टेकवला आणि काय जाणवते ते विचारले. ते माझ्या हाताकडे पाहत म्हणाले, 'काय बी न्हाई, गार लोखंड लागतंय.' तोच फोर्क मनगटावर टेकवताच दचकले. पायाच्या अंगठ्यापर्यंत कंपाची जाणीव पोहोचतच नव्हती. मद्यार्काचे थेट विष आणि जीवनसत्त्व ब-१ ची कमतरता यांमुळे सर्वांत लांबचे तंतू आधी मरतात, आणि त्याच वेळी रक्तदाब, घाम, मूत्राशय व लिंग यांचे नियंत्रण करणारे स्वायत्त तंतूही बाधित होऊ शकतात. मी त्यांना संबंधांविषयी विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, 'तीन वर्सं झाली.' पायाची जळजळ सांगायला लाज वाटत नाही, ही तक्रार सांगायला वाटते. मूळ मात्र एकच असते. रोज पिणारा माणूस जेवत कमी आणि चकण्यावर भागवत जास्त असतो, त्यामुळे ब-१ आणि फॉलिक आम्लाची तूट आपल्या सधन बागायती पट्ट्यातही सर्रास दिसते.

आता तुमच्या छातीकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मुख्यतः वृषणातील लायडिग पेशींमध्ये तयार होते. मद्यार्क आणि त्यापासून शरीरात बनणारे ॲसिटाल्डिहाइड हे दोन्ही या पेशींना विषासारखे आहेत. त्याच वेळी मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना जो आदेश पाठवते तोही पुरेसा जात नाही, म्हणजे कारखाना बिघडलेला आणि वरून मागणीही कमी, अशी दुहेरी अडचण होते. पुरुषी संप्रेरकांचा काही भाग शरीरात नेहमीच स्त्री-संप्रेरकात, म्हणजे इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतो. यकृत बिघडले की हे रूपांतर वाढते. त्यामुळे स्तनाग्रामागे चकतीसारखी घट्ट, दुखरी गाठ येते, अंगावरचे केस विरळ होतात, तळहात लालसर दिसतात, छातीवर व खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा उमटतात, आणि वृषण लहान व मऊ होतात. वृषण मोजण्यासाठी आमच्याकडे वाढत्या आकाराच्या मण्यांची एक माळ असते. प्रौढ पुरुषाचे वृषण साधारण १५ ते २५ मिलिलिटरच्या मण्याशी जुळते, आणि अनेक वर्षे जड मद्यपान केलेल्यांचे कधीकधी १० च्या मण्यावर येऊन थांबलेले मी पाहिले आहे.

यावरून तुम्हाला यकृताचा सिरॉसिस, म्हणजे यकृत कठीण होऊन आक्रसण्याचा आजार, झाला आहे असा निष्कर्ष काढू नका. मात्र यकृताची तपासणी आता टाळण्यासारखी राहिलेली नाही, हे निश्चित. एका बाजूलाच गाठ असेल, ती दगडासारखी कठीण असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल, तर तिची स्वतंत्र तपासणी करावी लागते, कारण पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग क्वचित होतो. यकृताच्या आजारात पोटातील पाणी कमी करण्यासाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषधही छाती वाढवते, आणि रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. अशी औषधे चालू असतील तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावीत.

तुम्ही विचारलेले नाही, पण ज्यांना मूल हवे आहे अशा तरुणांसाठी एक गोष्ट नमूद करतो. जड मद्यपानाने शुक्रजंतूंची संख्या, हालचाल आणि आकार तिन्ही बिघडू शकतात. नवा शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून दारू पूर्ण बंद करून तीन महिन्यांनी वीर्यतपासणी पुन्हा करावी. आपल्या गावांत अजूनही सुनेला चार-चार ठिकाणी दाखवून होते, देवदेव होतात, आणि मुलाच्या वीर्याची एक साधी, स्वस्त तपासणी तेवढी राहून जाते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनेही कारण असते. ही तपासणी सर्वांत आधी व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

मनाचा भाग वेगळा काढून दाखवता येत नाही. एकदा ताठरता आली नाही की दुसऱ्या वेळी माणूस धास्तीनेच जवळ जातो, धास्ती घालवण्यासाठी आणखी एक पेग घेतो, आणि त्या पेगाने राहिलेलेही जाते. दारूसोबत येणारे नैराश्य आणि तुटक झोप त्यात भर घालतात. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. पहाटेची ताठरता म्हणजे त्यातली शेवटची. ती टिकून असेल तर कारण बहुधा मानसिक असते. तुमची पहाटेची ताठरता गेली आहे, म्हणून शारीरिक कारण शोधणे आवश्यक आहे. अर्थात दारूने झोपेतला तो टप्पाच कमी होतो, तेव्हा केवळ यावरून अंतिम निर्णय करता येत नाही.

याच वळणावर काही पुरुषांच्या मनात संशय शिरतो. स्वतःला जमत नाही, मग बायको दुसरीकडे पाहत असणार, अशी पक्की समजूत होते. फोन तपासले जातात, तिला मळ्यात एकटीला जाऊ दिले जात नाही, आणि पुढे मारहाणीपर्यंत प्रकरण जाते. दीर्घ मद्यपानासोबत येणारा हा संशयाचा आजार मानसोपचारशास्त्राला चांगला परिचित आहे. तो धोकादायक आहे आणि त्यावर उपचार आहेत. असे घरात घडत असेल तर पत्नीने सहन करत बसू नये. आधी स्वतःला सुरक्षित करावे, मग उपचाराचे बोलणे करावे. याच्या उलट बाजूही मी पाहिली आहे. एका गृहस्थांना सर्व समजावून झाल्यावर मी त्यांच्या पत्नीला आत बोलावले. कडेगावकडून एसटीने आलेल्या होत्या, पिशवीत जुने सगळे रिपोर्ट होते. माझे बोलणे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'म्हंजे माज्यात काय कमी न्हाई न्हवं?' दोन वर्षे त्या हेच मनात घेऊन वावरत होत्या. तुमच्या पत्नीलाही कदाचित असेच वाटत असेल, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय तिला खरे कारण कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

दारू सोडण्याविषयी मात्र एक महत्त्वाची सावधगिरी आहे. तुम्ही हे वाचून आज रात्रीपासून एकदम बंद कराल, तर ते धाडसाचे असले तरी शहाणपणाचे नसेल. इतकी वर्षे रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दिवसातच हात थरथरणे, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत. त्यात जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे गटारी अमावस्येला भरपूर पिऊन श्रावण लागताच एकदम बंद करणारे खूप आहेत, आणि श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे रुग्ण दवाखान्यात येतात. घरचे म्हणतात, देवाचे नाव घेऊन सोडली आणि असे कसे झाले. म्हणून स्वतःला विचारा: गेल्या श्रावणात किंवा आजारपणात दारू बंद होती तेव्हा हात कापले होते का, सकाळी उठल्यावर घोटभर घेतल्याशिवाय बरे वाटत नाही असे होते का, पूर्वी कधी फिट आली होती का? यांपैकी कशाचेही उत्तर होय असेल तर दारू दवाखान्यात दाखल होऊन किंवा डॉक्टरांच्या रोजच्या देखरेखीखालीच सोडावी. त्यासाठी पाच ते सात दिवस कमी करत नेण्याच्या गोळ्या आणि ब-१ ची इंजेक्शने देतात. सलाइनमधून साखर चढवण्याआधी ब-१ देणे महत्त्वाचे असते. पुढे ओढ कमी करणारी औषधे आहेत, पण कोणते द्यायचे हे यकृताच्या अवस्थेवर ठरते. नवऱ्याला न सांगता भाजीत कालवून देण्याच्या पुड्या मात्र कुणीही वापरू नयेत. त्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि वरून तो दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हे औषध रुग्णाच्या पूर्ण माहितीने आणि संमतीनेच द्यायचे असते.

माळ घालून वारकरी झालेले आणि पुन्हा कधीही न प्यालेले अनेक जण मी पाहिले आहेत; त्यांच्या निश्चयाचा मला मनापासून आदर आहे. पहिला आठवडा वैद्यकीय देखरेखीखाली काढून मग माळ घातली, तर दोन्ही गोष्टी साधतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेल्या 'परिवर्तन' या व्यसनमुक्तीच्या कामाने या भागात एक गोष्ट रुजवली, ती म्हणजे व्यसन हा आजार आहे आणि त्याचे उपचार कुटुंबासह करायचे असतात. दूरध्वनीवरून सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे शासनाचे निःशुल्क क्रमांक आहेत.

गोळीविषयी. तुम्ही घेतली ती बहुधा सिल्डेनाफिल असावी. योग्य रुग्णात हे चांगले औषध आहे, मी स्वतः ते देतो. पण ती रक्तवाहिन्या सैल करते आणि दारूही करते. दोन्ही एकत्र झाल्यावर तुमचा रक्तदाब उतरला आणि घेरी आली, असेच दिसते. यकृत बिघडलेले असेल तर औषध शरीरात जास्त वेळ राहते, म्हणून सुरुवात २५ मिलिग्रॅमपासून करावी लागते. दुकानदार सहसा ५० किंवा १०० ची देतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट औषध ज्यांना चालू आहे, त्यांनी ही गोळी कधीही घेऊ नये. शिवाय इच्छाच उरलेली नसेल, संप्रेरक तळाला गेले असेल, तर गोळीचा परिणाम अपुराच राहतो. भिंतींवर आणि एसटी स्टँडजवळ 'मर्दानी ताकद' म्हणून ज्यांची जाहिरात होते त्या पुड्यांचे तर नावच नको. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने अशा जाहिरातींवर बंदी आहे, तरीही त्या सुरू आहेत, याचे मला दरवेळी वाईट वाटते.

इंजेक्शनबाबत माझा सल्ला अगदी स्पष्ट आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की वृषणांचे स्वतःचे काम आणि शुक्रजंतूंची निर्मिती दबते, रक्त घट्ट होऊ शकते, आणि चालू असलेल्या दारूचे नुकसान तसेच सुरू राहते. सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासणीत ते खरोखर कमी आढळले, आणि दारू सोडून काही महिने झाल्यावरही कमीच राहिले, तरच त्याचा विचार करावा. यकृताच्या आजारात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढते, त्यामुळे एकूण आकडा ठीक दिसूनही उपयोगी पडणारा भाग कमी असू शकतो. रिपोर्टवरचा एकच आकडा पाहून कुणी 'नॉर्मल आहे' म्हणाले तर तिथे थांबू नका.

पूर्ववत होईल का, या प्रश्नाचे उत्तर नुकसान किती खोल गेले आहे यावर अवलंबून आहे. माझ्या अनुभवात दारू पूर्ण सुटलेल्यांना आधी झोप आणि भूक सुधारल्याचे जाणवते, मग इच्छा परतते, आणि दोन-तीन महिन्यांनी पहाटेची ताठरता अधूनमधून दिसू लागते. श्रावणाचा एक महिना पाळून 'काही फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की महिना अपुरा आहे. मज्जातंतू सर्वांत हळू सुधारतात, कधी वर्ष लागते. वृषण आक्रसलेले असतील किंवा सिरॉसिस असेल तर पूर्ण भरपाई होत नाही. तरीही उरलेले टिकते, आणि गोळीला प्रतिसाद सुधारू शकतो. 'निम्मी करतो' हा तोडगा रोज पिणाऱ्यांत फार काळ टिकलेला मी पाहिलेला नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एका सकाळी उपाशीपोटी जवळच्या फिजिशियनकडे जा. साखर, चरबी, यकृताच्या चाचण्या, रक्तपेशींची तपासणी, टेस्टोस्टेरॉन, एल.एच. व प्रोलॅक्टिन (पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके), थायरॉइड आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, हृदयाचा आलेख काढून घ्या. एवढ्याने बहुतेक चित्र स्पष्ट होते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात यांतील बऱ्याच तपासण्या कमी खर्चात होऊ शकतात. दारूचे प्रमाण विचारतील तेव्हा खरे सांगा, निम्मे करून सांगू नका, कारण दारू सोडवतानाच्या औषधाची मात्रा त्यावरूनच ठरते. तोपर्यंत ती गोळी पुन्हा घेऊ नका, दारू मनाने एकदम बंद करू नका, दोन वेळचे जेवण चुकवू नका, आणि तपासणीला जाताना पत्नीला बरोबर घेऊन जा.